मुंबईत वास्तुकलेची आणि डिझाइनची चांगली पुस्तके कुठे शोधावीत?

पंचगंगाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या छोट्या ऑफिसात नोकरी करतो. ऑफिससाठी पुस्तकांचे एक कपाट उभारायचे आमच्या सरांनी ठरवले आहे आणि पुस्तके निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अभ्यासक्रमाची पुस्तके इथे सहज मिळतात, पण त्यापलीकडचे काही हवे असेल तर ऑनलाइन मागवण्यावाचून गत्यंतर नसते. अडचण अशी की, ऑनलाइन पाहताना मुखपृष्ठ आणि आतली चार-दोन पाने एवढेच दिसते. पुस्तक हातात पडल्यावर कळते की छायाचित्रे सुंदर आणि भरपूर आहेत, पण एकाही घराचा प्लॅन दिलेला नाही. अशा पुस्तकांवर बराच खर्च झाल्यामुळे यापुढे चाळून पाहिल्याशिवाय पुस्तक घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

पुढच्या महिन्यात कामानिमित्त मुंबईला येत आहे आणि शुक्रवार-शनिवार मोकळे ठेवले आहेत. भरपूर पावसाच्या प्रदेशातील घरबांधणी, मुंबईच्या इमारतींचा इतिहास आणि देवनागरी अक्षररचना हे आमचे मुख्य विषय आहेत. अक्षररचना अशासाठी की, इमारतींवरची नावे आणि दुकानांच्या पाट्या यांचीही कामे आमच्याकडे येतात. कोणत्या दुकानांत जावे, जुनी पुस्तके कुठे पाहावीत आणि उभ्या उभ्या चाळताना पुस्तकाची पारख कशी करावी, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

फोर्टकर

मुंबईतील सर्वसाधारण पुस्तकांच्या दुकानांत वास्तुकलेच्या वाट्याला एखाद-दुसरा कप्पा येतो आणि त्यातही छायाचित्रण, चित्रकला व घरसजावट यांची वाटणी असते. भेट म्हणून खपणारी जाडजूड पुस्तके पुढे मांडलेली असतात. तुमच्या कामाचे पुस्तक असलेच तर ते अगदी खालच्या फळीवर सापडते. म्हणून कप्पा पाहून परत फिरू नका. हव्या असलेल्या पुस्तकांची नावे, लेखक, प्रकाशक आणि आयएसबीएन क्रमांक लिहिलेला कागद काउंटरवर द्या. हीच यादी आठ-पंधरा दिवस आधी फोनवर किंवा ईमेलने कळवलीत, तर त्यातली काही पुस्तके तुम्ही पोचण्यापूर्वी मागवून ठेवणे दुकानदाराला शक्य होते.

फोर्टात पूर्वी स्ट्रँड बुक स्टॉल हे यासाठी हक्काचे ठिकाण होते. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात सुरू केलेला तो स्टॉल पुढे फोर्टात आला आणि महागड्या पुस्तकांवर भरघोस सवलत देऊन त्याने मुंबईच्या कितीतरी वाचकांची कपाटे भरली. २०१८ साली तो बंद झाला. जुन्या लेखांत अजूनही त्याचा पत्ता आढळतो, म्हणून मुद्दाम सांगतो. आज तुम्ही हुतात्मा चौकाजवळच्या सोमय्या भवनातील किताब खानापासून सुरुवात करावी. डिसेंबर २०२० मध्ये लागलेल्या आगीत या दुकानाचे मोठे नुकसान झाले, परंतु २०२१ साली ते पुन्हा सुरू झाले. उंच छत, खांब आणि लाकडी काम असलेली ती जागा आर्किटेक्टने एरवीही पाहावी अशी आहे. भारतीय प्रकाशकांची कलाविषयक पुस्तके, उदाहरणार्थ अहमदाबादच्या मॅपिनची, अशा दुकानांत हाताळायला मिळण्याची शक्यता अधिक असते.

तांत्रिक आणि परदेशी पुस्तकांचा खरा साठा मात्र वितरकांकडे असतो. ते थेट महाविद्यालयांना पुस्तके पुरवतात आणि स्नेहसंमेलनांच्या काळात कॉलेजच्या आवारात टेबले मांडतात. त्यांची ठिकाणे बहुधा एखाद्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांत असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत. तुम्ही कोल्हापुरातीलच एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा. कोणाकडून काय मागवतात, हे ते सांगू शकतील. ऑफिसच्या लेटरहेडवर मागणी केली की सवलतीचे बोलणेही सोपे होते.

आता पारखीविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा माझ्या मते तिथेच आहे. पुस्तकात तुमच्या चांगल्या परिचयाची एखादी इमारत असेल, तर प्रथम ते पान काढावे. मुंबईचे उदाहरण घ्यायचे तर कंबाला हिलवरील कांचनजंगा घ्या. चार्ल्स कोरिया यांची ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत वारा आणि समुद्राचे दर्शन हवे असेल तर घराचे तोंड पूर्व-पश्चिम ठेवावे लागते, पण कडक ऊन आणि पावसाचा मारा यांनाही मग तोंड द्यावे लागते. जुन्या बंगल्यांत यावर भोवतालचा व्हरांडा हा उपाय होता. कोरियांनी त्याच व्हरांड्याचे रूपांतर दोन मजले उंचीच्या, कोपऱ्यातल्या गच्चीबागेत केले. बाहेरून काढलेल्या छायाचित्रात केवळ कोपऱ्यांतल्या मोठ्या पोकळ्या दिसतात. सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, पाहिल्यावर मात्र घरांच्या पातळ्या एकमेकींत कशा गुंतवल्या आहेत, गच्ची आणि खोली यांच्यामध्ये काय येते आणि पावसाची झड कुठे अडते, हे उलगडते. ज्या पुस्तकाने या इमारतीचे भव्य छायाचित्र छापले आणि सेक्शन वगळला, त्याने आपल्या माहितीच्या नसलेल्या इमारतींबाबतही तेच केले असणार.

त्यानंतर प्लॅनकडे पाहा. त्यावर मापपट्टी आणि उत्तर दिशा दाखवली आहे का? खोल्यांची नावे वाचता येतात का? प्लॅन दोन पानांवर पसरलेला असेल तर पुस्तक पूर्ण उघडावे, कारण नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या बांधणीत जिना नेमका मधल्या घडीत गडप झालेला असतो. भिंत आणि छप्पर जिथे मिळतात, तिथला एक तरी डिटेल मोठ्या मापात दिलेला असेल, तर पावसाळी प्रदेशात काम करणाऱ्याने ते पुस्तक खाली ठेवू नये.

जुना जेजेकर

फोर्टकरांनी लिहिलेले सर्व योग्य आहे, परंतु माझा क्रम उलटा असेल. आधी ग्रंथालये पाहावीत आणि मग दुकानांत जावे. दुकानात जे उपलब्ध आहे त्यातूनच निवड करावी लागते. ग्रंथालयात मात्र कोणते पुस्तक आपल्याला वर्षानुवर्षे उपयोगी पडेल, हे दोन-तीन तास निवांत बसून ठरवता येते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलात तर तुम्ही सीएसएमटीला उतराल आणि तेथून सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाहेरच्या व्यक्तीला ग्रंथालयात बसण्यासाठी परवानगी लागते, म्हणून सरांच्या सहीचे पत्र घेऊन आधी संपर्क साधावा. तेथे क्लॉड बॅटली यांचे काम आवर्जून मागा. १९२३ ते १९४३ या काळात ते या संस्थेचे प्रमुख होते आणि भारतीय इमारतींच्या मोजून काढलेल्या आरेखनांचा त्यांचा संग्रह १९३४ साली प्रसिद्ध झाला. लाकडी खांब, त्यावरची हस्तके, सज्जा, कोनाडे अशा भागांची मापे घेऊन केलेली ती रेखाटने पाहिल्यावर चांगल्या आरेखनात किती माहिती मावते, याची कल्पना येते. पुस्तक पारखण्यासाठी डोळा तयार व्हायचा असेल, तर असे काही आधी पाहिलेले असावे.

मुंबईच्या इमारतींसाठी अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटकडे जावे. काळा घोडा परिसरातील या संस्थेची स्थापना १९८४ साली झाली असून मुंबईच्या नियोजनाविषयीचे अहवाल, नकाशे आणि पुस्तके यांचा तिचा संग्रह महत्त्वाचा आहे. दुकानात कधीच न येणारे अहवाल इथे पाहता येतात, मात्र भेटीची वेळ आधी ठरवावी.

नियतकालिके विसरू नका, असे मी आग्रहाने सांगेन. १९४६ साली मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखाली मुंबईत सुरू झालेल्या 'मार्ग'च्या नावातच आधुनिक वास्तुकलेच्या संशोधक गटाची आद्याक्षरे आहेत. त्याचे अंक पुढे कलेतिहासाकडे अधिक वळले, पण आरंभीच्या अंकांत नव्या भारतात घरे आणि शहरे कशी असावीत, याची कळकळीची चर्चा आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या वास्तुकारांच्या संस्थेचे हे नाव १९२९ पासूनचे. तिचे मुख्य कार्यालय डॉ. दादाभाई नौरोजी मार्गावर आहे आणि तिच्या जर्नलचे जुने अंक म्हणजे बांधकामाच्या तत्कालीन पद्धतींची नोंदवहीच आहे. पुस्तकात एखाद्या इमारतीला दोन पाने मिळतात, तर जर्नलमध्ये त्याच इमारतीचा पाया, खर्च आणि साहित्य यांची माहितीही सापडते. या जुन्या अंकांच्या प्रती विकत मिळाल्या नाहीत, तर नियमांत बसतील तेवढ्या पानांची छायाप्रत घ्यावी.

माटुंगेकर

जुन्या पुस्तकांविषयी मी लिहितो, कारण माझ्या संग्रहातली बहुतेक चांगली पुस्तके पदपथावरूनच आलेली आहेत.

हुतात्मा चौक ते चर्चगेट या पट्ट्यातील विक्रेत्यांची संख्या महापालिकेच्या कारवाईनंतर पूर्वीपेक्षा पुष्कळ घटली, तरी तो भाग वगळू नये. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या महेश्वरी उद्यानाजवळील विक्रेत्यांकडे अभ्यासक्रमाची पुस्तके अधिक असतात आणि सत्र संपले की वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी विकलेली पुस्तकेही तिथे येतात. विक्रेत्याला नुसते 'आर्किटेक्चर' सांगितले तर तो संगणकाची पुस्तके पुढे करण्याचा संभव असतो. 'बिल्डिंग, प्लॅन, इंटिरियरवाली पुस्तके' असे सांगावे.

आर्ट पेपरवर छापलेल्या पुस्तकाची एक बाब नीट तपासली पाहिजे. या कागदावर मातीचा गुळगुळीत लेप असतो. पुस्तक पावसात भिजून दाबाखाली वाळले की तो लेप विरघळून शेजारच्या पानाला चिकटतो आणि पाने सोडवू गेले की छापील चित्राचे पापुद्रे निघतात. वरून पुस्तक धडधाकट दिसते. म्हणून मधले गठ्ठे अंगठ्याने सावकाश सोडत जावे. जिथे कर्रकर्र आवाज येतो किंवा आठ-दहा पाने एकदम सरकतात, तिथे थांबून पाहावे. कडेला पाण्याची पिवळसर रेघ असेल तर ते पुस्तक फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण ओल आणि बुरशी कपाटातल्या दुसऱ्या पुस्तकांनाही लागते. घडीचे नकाशे आणि सुटी चित्रपत्रे असलेल्या जुन्या ग्रंथांत चित्रांची यादी काढून एकेक पान जुळवावे. फ्रेम करून विकण्यासाठी चित्रे कापून घेतलेल्या प्रती बाजारात येतात; शिवणीजवळ ब्लेडने कापलेली अरुंद पट्टी उरलेली असते, ती बोटाला लागते.

पदपथावर मिळणाऱ्या नव्याकोऱ्या, स्वस्त प्रतींबद्दलही सावध करतो. त्या पुष्कळदा बेकायदा छापलेल्या असतात आणि कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी आपल्या कामाला त्या घातक आहेत. १९३६ साली जर्मनीत प्रथम निघालेला नॉयफर्ट यांचा मापांचा संदर्भग्रंथ आपण सगळेच वापरतो. त्याच्या चोरट्या प्रतीत बारीक रेषा एकमेकींत भरून येतात आणि ३ आहे की ८, हे भिंगातूनही कळत नाही. जिन्याच्या पायरीचे माप अंदाजाने वाचण्यापेक्षा अधिकृत भारतीय आवृत्ती किंवा जुनी मूळ प्रत घेणे केव्हाही चांगले. मापे मिलिमीटरमध्ये आहेत की फूट-इंचांत, हेही पाहून घ्यावे.

पर्सी ब्राऊन यांचा भारतीय वास्तुकलेवरील दोन भागांचा ग्रंथ मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाचा असल्यामुळे इथे तो जुन्या बाजारात आढळतो. त्याची अनेक पुनर्मुद्रणे झाली आहेत. दोन प्रती मिळाल्या तर त्याच चित्राची पाने शेजारी ठेवून कोणती छपाई स्पष्ट आहे, हे ताडून मगच निवड करावी. त्यातले काही निष्कर्ष आता कालबाह्य झाले आहेत, तरीही त्यातील आरेखनांसाठी तो जवळ असावा.

फोर्टकरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. छायाचित्रांचे प्रत्येक पुस्तक टाकाऊ नसते. शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रा यांनी मुंबईवर लिहिलेल्या, १९९५ साली निघालेल्या ग्रंथाचा मोठा भाग जुनी छायाचित्रे आणि नकाशे यांनीच व्यापला आहे, पण तीच त्याची ताकद आहे. जी इमारत पाडली गेली किंवा जिचे दर्शनी रूप बदलले, तिच्याबाबतीत तारीख आणि ठिकाण नोंदवलेले छायाचित्र हाच पुरावा उरतो. म्हणून छायाचित्राखाली कधीचे, कुठून आणि कोणत्या संग्रहातले, हे दिले आहे का, एवढे जरूर पाहावे.

मांडवीतीर

मी पणजीला असतो. पावसाळी प्रदेशातील घरांसाठी मुंबईइतकाच गोव्याचाही विचार करावा, कारण कोल्हापूरहून आम्ही जवळ आहोत. गोव्याच्या जुन्या घरांवर हेता पंडित आणि अ‍ॅनाबेल मास्कारेन्हास यांचे १९९९ सालचे पुस्तक आहे. बाल्कांव (दारापुढची बैठकीची ओसरी), शिंपल्यांच्या खिडक्या, आतले अंगण आणि मंगळुरी कौलांचे उतार यांचा अभ्यास करायचा, तर ते हाताशी असावे. पर्वरीजवळ तोर्डा येथे जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेले 'हाऊसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय याच विषयाला वाहिलेले असून पुस्तकातले डिटेल तिथे प्रत्यक्ष पाहता येतात. कोरियांच्या नावाने पणजीत चालणारे प्रतिष्ठानही चर्चा, प्रदर्शने आणि प्रकाशने करते.

याशिवाय केरळात काम केलेले वास्तुकार लॉरी बेकर यांच्या पुस्तिका अवश्य मिळवाव्यात. त्रिशूरच्या कॉस्टफोर्ड संस्थेने त्या प्रकाशित केल्या आणि त्यांतील काही इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत एकही चकचकीत पान नाही. बेकर यांनी स्वतःच्या हाताने काढलेली चित्रे आणि हस्ताक्षरातला मजकूर, एवढेच त्यांत आहे. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी कशी ठेवावी, त्याने विटांची बचत कशी होते आणि उष्णता कशी अडते, हे त्यांनी असे काढून दाखवले आहे की गवंड्यालाही ते पान दाखवून काम करून घेता येते. ऑफिससाठी त्यांची छापील प्रत काढून साध्या बांधणीत ठेवावी.

पंचगंगाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्रंथालय आधी की दुकान आधी, या प्रश्नावर मी शुक्रवारी सकाळी जेजे आणि दुपारनंतर फोर्ट असे ठरवले आहे. शनिवारी माटुंग्याला जाईन. सरांचे पत्र आजच टाइप करून घेतो. देवनागरी अक्षररचनेविषयी मात्र कोणी लिहिले नाही. त्या विषयावर इंग्रजीत रोमन लिपीची पुस्तके ढिगाने दिसतात, पण आमच्या पाट्या मराठीत असतात आणि जोडाक्षरे व वेलांट्या सांभाळायच्या असतात. त्यासाठी काही आहे का?

जुळारी

आहे, आणि तेही महाराष्ट्र शासनाने छापलेले आहे. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षररचनेवरील तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ साली मुंबईत प्रसिद्ध केला. मुद्रणाच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या माणसाने तो लिहिलेला असल्यामुळे अक्षराचा दंड, शिरोरेघ, काना-मात्रांची जागा आणि जोडाक्षरांचे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) यांचा विचार त्यात जुळाऱ्याच्या केसपर्यंत, म्हणजे खिळे ठेवण्याच्या खणांच्या पेटीपर्यंत, जाऊन केलेला आहे. पाटीवर 'ष्ट्र' किंवा 'र्त्त्यां' बसवताना वरची रेघ आणि खालचा भाग यांत उंची कशी वाटायची, ही तुमची अडचण खिळे ओतणाऱ्यांनी फार पूर्वी अनुभवलेली आहे. नाईक यांचा 'भारतीय ग्रंथमुद्रण' हा मराठी ग्रंथही शोधावा. मुद्रणाच्या आरंभकाळासाठी अ. का. प्रियोळकर यांचा १९५८ सालचा इंग्रजी ग्रंथ आहे. गोव्यात सोळाव्या शतकात आलेल्या छापखान्यापासून त्याची सुरुवात होते.

हे ग्रंथ नव्या दुकानांत शोधण्यात वेळ घालवू नये. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादरचा संदर्भ विभाग आधी पाहावा; माटुंग्याला जाताना ते वाटेतच पडेल. आयआयटीच्या पवई येथील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये र. कृ. जोशी यांनी अक्षरकलेचे अध्यापन आणि संगणकीय भारतीय अक्षरांचे काम केले. तेथील ग्रंथालयात या विषयावरील विद्यार्थ्यांचे प्रकल्प आहेत, मात्र पवईला जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडेल, म्हणून या खेपेस ते राहू द्यावे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापलेल्या जुन्या ग्रंथांची एखादी प्रत माटुंगेकरांनी सांगितलेल्या विक्रेत्यांकडे मिळाली, तर मजकूर कोणताही असो, ती घ्यावी. लहान आकारातही अक्षराच्या आतली पोकळी कशी मोकळी राखली आहे, हे भिंगाखाली पाहण्यासारखे असते आणि लांबून वाचायच्या पाटीला नेमका तोच गुण लागतो.

एक जोड देतो. चर्नी रोड येथील शासकीय मुद्रणालयाच्या ग्रंथविक्री केंद्रात गॅझेटिअरचे खंड माफक किमतीत मिळतात. मुंबई शहराच्या १९०९-१० सालच्या तीन खंडांचे पुनर्मुद्रण शासनाने पुढे केले होते; त्यात सार्वजनिक इमारतींची माहिती आहे. विक्रीसाठी कोणते खंड शिल्लक आहेत, हे तेथे विचारून घ्यावे आणि नसल्यास गॅझेटिअर विभागाने संकेतस्थळावर ठेवलेली प्रत वापरावी. बहुतेक शासकीय कार्यालयांना २०२० पासून शनिवारीही सुट्टी असते, त्यामुळे तुमच्या वेळापत्रकात चर्नी रोड शुक्रवारी दुपारी, फोर्टच्या आधी बसवावे. फोर्टातील दुकाने संध्याकाळीही उघडी सापडतील.